वाफेने हात भाजला तर
(कुकर, इडलीपात्र, मोदकपात्र घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

कुकरची रिंग बदलायला येणाऱ्यांच्या मनगटावर पुष्कळदा वाफेचा लाल चट्टा दिसतो आणि त्यावर वाळलेली टूथपेस्ट. ते बघवत नाही, म्हणून नव्या भांड्यासोबत हा कागद देतो.

वाफ लागली की गॅस बंद करा आणि हात लगेच नळाखाली धरा. साधं गार पाणी, बारीक धार, पूर्ण 20 मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून हात काढून घेऊ नका, आतली धग तेवढ्यात जात नाही. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. लगेच जमलं नाही, तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो. अंगठी, बांगड्या, घड्याळ तेव्हाच उतरवा. बोट सुजल्यावर अंगठी निघत नाही.

बर्फ नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. हळद, तूप, कणीक, शाईसुद्धा नको. आजी हळद लावायची ती मायेनेच, पण लेपाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. नंतर न चिकटणारं स्वच्छ ड्रेसिंग सैलसर ठेवा. फोड आला तर फोडू नका.

भाजलेला भाग स्वतःच्या तळहाताहून मोठा असेल, बोटांच्या सांध्यांवर फोड असतील, कातडी पांढरी किंवा बधिर झाली असेल, तर डॉक्टरांकडे जा. लहान मूल, वयस्कर माणूस किंवा मधुमेही असेल तर थोडं भाजलं तरी दाखवाच. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

वाफेला हलकं समजू नका. एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. तेवढंच उकळतं पाणी अंगाच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम 63.

मोदकपात्राचं झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचला, वाफ पलीकडे जाते. फडकं कोरडंच घ्या. ओल्या फडक्यातून चटका लगेच हाताला लागतो. कुकरची शिट्टी चमच्याने उचलू नका, प्रेशर आपोआप उतरू द्या. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत असेल तर बहुधा रिंग कडक झालेली असते. येताना झाकण सोबत आणा, मापाची रिंग बसवून देतो.