दुतोंड्या बुडाला म्हणजे सगळं ठीक?

नाशिकच्या पंचवटीत एक समजूत जुनी आहे: गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात बुडाली की वर्षभराची चिंता मिटली, यात्रेकरूंना गोदास्नान पक्कं. हवामान बदल वगैरे दुसरीकडे!

2016 आठवा. एप्रिलमध्ये रामकुंड, म्हणजे गोदावरीतलं स्नानाचं कुंड, कोरडं पडलं होतं. भाविकांच्या स्नानासाठी टँकरने पाणी ओतावं लागलं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच घाटावर महापूर, काठावरच्या टपऱ्या पाण्यात. चार महिन्यांत दोन्ही टोकं.

हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग ते एकदम कोसळतं. मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. वर त्र्यंबककडे असा पाऊस झाला आणि नाशिकच्या वरचं गंगापूर धरण आधीच भरलेलं असलं, तर पाणी सोडावंच लागतं. ते रामकुंडावरून वाहून जातं, उन्हाळ्यासाठी उरत नाही. मारुती बुडणं म्हणजे त्या दिवशीचा प्रवाह; साठ्याचा हिशेब वेगळा.

नाशिकच्या द्राक्षांचंही तसंच. वायनरी बघायला लोक तोडणीच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये येतात. त्याच वेळी अवकाळी आला की मणी तडकतात. तिथे जास्त पाऊस कुणालाच नको असतो.