जुन्या डेस्कटॉप संगणकाचे अतितापन व आपोआप बंद पडणे

चालू असलेला डेस्कटॉप संगणक कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडणे किंवा स्वतःहून रिस्टार्ट होणे, हा काही वर्षे वापरलेल्या यंत्रांत वारंवार आढळणारा दोष. त्याचे मूळ पुष्कळदा उष्णतेत असते. पण एसएमपीएस (कॅबिनेटमधली वीजपुरवठ्याची पेटी), यूपीएसची दमलेली बॅटरी, मदरबोर्डावरचे (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावरचे) फुगलेले कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग), इतकेच काय तर कॅबिनेटचे अडकलेले बटण यांमुळेही अगदी असेच घडते. त्यामुळे एकही सुटा भाग विकत घेण्याआधी यंत्र नेमके कधी आणि काय करताना बंद पडते याची नोंद ठेवणे, हे निदानातले पहिले काम आहे. दुरुस्तीत नेमके तेच टाळले जाते आणि ग्राहकाला रॅमपासून विंडोजपर्यंत सगळे बदलून घ्यावे लागते.

उष्णतेमुळे बंद पडणे ही प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली कृती असते. 2000 साली आलेल्या इंटेलच्या पेंटियम 4 या प्रोसेसरमध्ये तिचे दोन टप्पे होते. ठरावीक तापमान ओलांडले की प्रोसेसर आपला वेग कमी करी. तरीही तापमान चढत राहिले, तर सुमारे 135 अंश सेल्सिअसला तो काम थांबवून मदरबोर्डाला वीज तोडण्याचा संकेत देई. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) याहून बऱ्याच कमी तापमानाची मर्यादा वेगळी लावता येते, आणि जुने यंत्र बहुधा त्या मर्यादेलाच बंद पडते. त्या काळातल्या एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या थंडरबर्ड अॅथलॉन प्रोसेसरमध्ये असे संरक्षण नव्हते. 2001 मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने केलेल्या चाचणीत हीटसिंक (प्रोसेसरवर बसणारा, उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) काढताच तो काही क्षणांत जळाला, तर पेंटियम 4 नुसता मंदावला. म्हणूनच आधी काही दिवस संगणक संथ चालणे आणि मग बंद पडू लागणे, हा क्रम दिसला की संशय उष्णतेवर घ्यावा.

सगळी जुनी यंत्रे सारखी तापत नाहीत. फेब्रुवारी 2004 मध्ये आलेली प्रेस्कॉट ही पेंटियम 4 ची आवृत्ती या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. तिच्या वरच्या मॉडेलांची उष्णता 115 वॅटपर्यंत जाई, आणि 4 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर काढण्याचा बेत इंटेलला त्याच वर्षी सोडून द्यावा लागला. 2006 मधल्या कोअर 2 ड्युओने हा आकडा 65 वॅटवर आणला. मात्र या दोन्ही पिढ्यांच्या एलजीए 775 सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेवर) कंपनीचा जो कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंखा, येई, तो प्लॅस्टिकच्या चार खिळ्यांवर बसतो. संगणक एका घरातून दुसऱ्या घरात हलवताना त्यांतला एखादा खिळा सुटतो आणि हीटसिंकची एक कड प्रोसेसरवरून किंचित उचलली जाते. पंखा नेहमीसारखा फिरत असल्याने वरून सगळे ठीक दिसते, पण यंत्र सुरू केल्यावर थोड्याच वेळात बंद पडते. चारही खिळे एकेक करून हलवून पाहिल्याशिवाय हा दोष हाती लागत नाही.

धुळीचेही तसेच. कॅबिनेट उघडून पाहणाऱ्याला पंखा स्वच्छ दिसतो. धूळ साचते ती पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी. तिथे तिचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो आणि हवा पात्यांत शिरतच नाही. पंखा सोडवून वर उचलला तरच तो थर दिसतो. शिवाय प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते : खोली 10 अंशांनी तापली की आतला आकडाही साधारण तेवढाच वाढतो. जानेवारीत बिनतक्रार चाललेला संगणक नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बंद पडू लागतो तो यामुळेच. टेबलाच्या बंद कप्प्यात, मागची बाजू भिंतीला चिकटवून कॅबिनेट ठेवलेले असेल तर उन्हाळ्याचीही गरज उरत नाही.

बंद पडण्याची वेळ पुष्कळ काही सांगते. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा तास चालणारे यंत्र बंद पडल्यावर लगेच सुरू केले तर पाचच मिनिटे टिकत असेल, तर कारण बहुधा उष्णता. गेम किंवा व्हिडिओ सुरू होताच त्याच क्षणी वीज गेल्यासारखे बंद पडत असेल, तर भार न पेलणारा एसएमपीएस. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना किंवा दिवे लुकलुकताना बंद पडत असेल, तर यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून पाहावा. यूपीएसची बॅटरी संपलेली असणे हे आपल्याकडचे फार नेहमीचे कारण आहे. आणि चालू केल्यावर दर वेळी मोजून चारेक सेकंदांनी बंद होत असेल, तर पॉवर बटण आत अडकलेले असण्याची शक्यता मोठी. बटण चार सेकंद दाबून धरले की यंत्राने सक्तीने बंद व्हावे अशी योजनाच असते. विंडोज 7 आणि पुढच्या आवृत्त्यांत अशा प्रसंगी ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद होते. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढाच तिचा अर्थ. कारण तिच्यात शोधत बसू नये.

तापमान बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये दिसते. यंत्र बंद पडल्यावर लगेच सुरू करून तिथे जावे, कारण तेव्हाचा आकडा खरा कामाचा असतो.

साफसफाईआधी वायर भिंतीतून काढावी आणि कॅबिनेट गॅलरीत न्यावे. रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळा पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. हीटसिंक काढायचा असेल तर वायर काढण्याआधीच यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) कोमट होऊ द्यावी, मग हीटसिंक डावी-उजवीकडे किंचित फिरवून उचलावा. सरळ ओढला तर जुन्या एएमडी बोर्डांवर सुकलेल्या पेस्टसह प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी मध्यभागी वाटाण्याएवढी लावावी. जास्त पेस्टने गारवा वाढत नाही.

एसएमपीएसची परीक्षा मल्टिमीटरने, भार असताना घ्यावी. पिवळ्या आणि काळ्या तारेत 12 व्होल्ट, कमी-जास्त 5 टक्के, म्हणजे 11.4 ते 12.6 मिळायला हवेत. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नये. आतल्या कॅपॅसिटरवर 300 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

साधारण 1999 ते 2007 या काळातल्या मदरबोर्डांना आणखी एक रोग होता. सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर जगभरच्या असंख्य बोर्डांवर बसले आणि मुदतीआधीच फुगले. डेल कंपनीला 2005 मध्ये ऑप्टिप्लेक्स मालिकेतल्या अशा संगणकांपायी सुमारे 30 कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला. चांगल्या कॅपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा फुगतो, त्यावरची फुलीसारखी खाच उकलते, कधी तपकिरी खरपुडी दिसते. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारची रांग आधी जाते, कारण तापमान 10 अंशांनी वाढले की अशा कॅपॅसिटरचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणजे वर्षानुवर्षे न काढलेली धूळ कॅपॅसिटरचेही आयुष्य खाते, आणि ते फुगल्यावर नुसत्या साफसफाईने यंत्र सुधारत नाही. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, 105 अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे कॅपॅसिटर घ्यावेत आणि ऋण बाजूची पट्टी जुन्याप्रमाणेच ठेवावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असले सुटे भाग शोधता येतात. बहुपदरी बोर्डावरचे सोल्डरचे डाग सोडवायला मात्र सरावाचा हात लागतो; नवख्याने ते काम कारागिराकडेच द्यावे.