सगळ्यालाच बर्नआउट म्हणू नका: आयसीयूतल्या नर्सचा थकवा आणि नैतिक कुचंबणा

करोनाच्या साथीत आयसीयूतल्या नर्सविषयी बोलताना बर्नआउट हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. झोप लागत नाही, बर्नआउट. ड्युटीवर जाताना रडू येतं, बर्नआउट. राजीनामा दिला, तरी कारण तेच. पण या एका नावाखाली दोन निराळे त्रास कोंबले गेले. दुसऱ्याचं नाव नैतिक कुचंबणा. दोन्हींतली नर्स बाहेरून सारखीच दिसते: गप्प, चिडचिडी, सुट्टी मागणारी. आत मात्र वेगळंच काही चाललेलं असतं.

बर्नआउटची व्याख्या बरीच पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाचा ताण दीर्घकाळ टिकतो, तो नीट हाताळला जात नाही, आणि त्यातून तीन गोष्टी दिसू लागतात: शक्ती संपल्याची जाणीव, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. यातला अलिप्तपणा नर्सला सर्वांत जास्त घाबरवतो. रुग्णाचं नाव मागे पडून बेडचा नंबरच तोंडात येतो. नातेवाइकांचा फोन वाजला की नकोसं होतं. ‘मी अशी नव्हते,’ असं तिला वाटत राहतं.

नैतिक कुचंबणेत याच्या जवळजवळ उलट घडतं. तिथे आस्था आटलेली नसते, आस्था आहे म्हणूनच दुखतं. नीतिशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्याच संदर्भात ही कल्पना मांडली: योग्य काय ते माहीत आहे, पण संस्थेच्या मर्यादांमुळे ते करता येत नाही.

साथीत या मर्यादा रोजच्या झाल्या. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलायची असते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. तोंडाची स्वच्छता, सक्शन म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, डोळ्यांची काळजी हे सगळं नर्सच्या हातात असतं. रुग्ण वाढले, हात तेवढेच राहिले. इंग्लंडमध्ये एरवी अशा रुग्णामागे एक आयसीयू नर्स असते. २०२० च्या वसंतात तिथे एका प्रशिक्षित नर्सकडे, इतर कर्मचाऱ्यांची मदत देऊन, सहा रुग्णांपर्यंत सोपवण्याची मुभा दिली गेली. अशा वेळी औषधं आणि मॉनिटर सांभाळले जातात, तोंड पुसणं राहून जातं. चार्टवर ही उणीव फारशी दिसत नाही, पण नर्सला ती माहीत असते. आत अलार्म वाजतोय आणि पीपीई किट चढवल्याशिवाय आत जाता येत नाही, ती मिनिटं तिला माहीत असतात. मुलाला भेटीची परवानगी नाही म्हणून आईच्या कानाशी फोन धरून उभं राहणं, आणि त्याच वेळी शेजारच्या बेडकडे लक्ष ठेवणं, हेही तिनेच केलं. नियम तिने केला नव्हता, पण नाही म्हणण्याचं काम तिच्याच वाट्याला आलं. अशा प्रसंगांची टोचणी खोल गेली की तिला नैतिक घाव म्हणतात.

फरक ओळखायचा कसा? माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न असा: त्रास कशाचा आहे, एकूण कामाचा की ठरावीक प्रसंगांचा? बर्नआउटमधली नर्स म्हणते, ‘आता जमत नाही.’ कुचंबलेली नर्स म्हणते, ‘त्या रात्री तसं व्हायला नको होतं.’ पहिलीला खरी विश्रांती आणि कमी भार मिळाला तर निदान थोडा आराम पडतो. दुसरीला सुट्टीत उलट तो प्रसंग जास्त आठवतो. अर्थात हे काही तराजूने तोलून वेगळं करता येत नाही. कुचंबणा महिनोन्‌महिने साचली की माणूस स्वतःला वाचवण्यासाठी अलिप्त होतो, आणि मग दोन्ही एकाच माणसात नांदतात.

म्हणूनच कुचंबलेल्या नर्सला ध्यानाचं सत्र आणि ‘स्वतःची काळजी घ्या’ असं पत्रक देणं मला क्रूर वाटतं. त्यातून तिला एवढंच कळतं की दोष तिच्या सहनशक्तीत आहे. बर्नआउटसाठी आधी रोस्टर सुधारायला हवं: पुरेशा नर्स, जेवायची सुट्टी, सलग रात्रपाळ्यांना मर्यादा. कुचंबणेवर याचा निम्माच उपयोग. तिथे बेड कुणाला द्यायचा हा निर्णय वरिष्ठांच्या गटाने घ्यावा, कारणासह लिहून ठेवावा, त्याची जबाबदारी उघडपणे स्वीकारावी. भेटींवर बंदी घालताना नर्सचं म्हणणं ऐकावं. अवघड मृत्यूनंतर ड्युटीच्या वेळेतच, दोषारोप न करता, सगळ्यांनी एकत्र बसून बोलावं.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमधल्या नऊ रुग्णालयांत २०२० च्या जून-जुलैमध्ये आयसीयूच्या ७०९ कर्मचाऱ्यांची प्रश्नावलीने पाहणी झाली. त्यांतल्या ४५ टक्के जणांची उत्तरं आघातोत्तर तणाव, तीव्र नैराश्य, तीव्र चिंता किंवा मद्यपानाची समस्या यांपैकी किमान एकाकडे बोट दाखवत होती. तेव्हा प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येत असतील, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर बर्नआउट की कुचंबणा हे ठरवत बसू नये. मनोविकारतज्ज्ञांना लगेच भेटावं, आणि त्या भेटीसाठी रजा मागावी लागू नये एवढं वॉर्डच्या प्रमुखांनी पाहावं.