उरलेल्या अन्नाचे पुनर्वाटप (इंदूर)

लग्नकार्य, भंडारा, उपाहारगृह, वसतिगृह अशा ठिकाणी शिजलेले पण कोणालाही न वाढलेले अन्न खाण्याजोगे असतानाच गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवण्याची पद्धत. पानात टाकलेले उष्टे यात धरत नाहीत. पातेल्यात राहिलेले तेवढेच घेतात.

अन्नदानाशी हिचे नाते असले तरी दोन्ही एक नव्हेत. होळकरांच्या राज्यात अहिल्याबाईंचे नाव तीर्थक्षेत्रींच्या अन्नछत्रांशी जोडलेले आहे. अन्नछत्रात स्वयंपाकच भुकेल्यांसाठी होतो. पुनर्वाटपात तो दुसऱ्यासाठी झालेला असतो, आणि हाती येतो तेव्हा त्याचे टिकण्याचे बरेचसे तास सरलेले असतात. या कामाची आधुनिक घडी अमेरिकेतील फिनिक्स येथे १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेल्या अन्नपेढीपासून मोजतात. भारतात रॉबिन हूड आर्मी ही स्वयंसेवकांची चळवळ २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाची वसुली व वितरण यासाठी २०१९ मध्ये नियम केले. ते १ जुलै २०२० पासून लागू आहेत.

इंदुरात मोठी लग्ने बहुधा मॅरेज गार्डनमध्ये होतात आणि जेवणे रात्री उशिरापर्यंत चालतात. पाहुण्यांपुढे कमी पडायला नको या धास्तीने यजमान आकडा फुगवून सांगतो, आचारी त्यावर आपली भर घालतो. उरते ते इथेच. नेणाऱ्यांना फोन मात्र सगळे आवरल्यावर जातो, तोवर भात कोमट झालेला असतो. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिले की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताचे दुखणे आणखी वेगळे: बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात तसाच राहिला तर त्यांच्यापासून तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून पुऱ्या, बुंदीचे लाडू, शेव निर्धास्त नेता येतात. भात, रस्सा आणि बासुंदीच्या बाबतीत वास घेऊन ठरवणे पुरेसे नाही. बुफेच्या टेबलावर तासन्‌तास उघडे राहिलेले नेऊच नये. मुदपाकखान्यातले झाकलेले पातेले वाढप्यांनी आधीच बाजूला ठेवले, तर निम्मे काम तिथेच होते.

या शहरात प्रश्नाला एक वेगळा पदर आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या इंदुरात ओला कचरा घरातूनच वेगळा निघतो. देवगुराडिया येथील, ओल्या कचऱ्यापासून वाहनांचे इंधन बनवणाऱ्या बायो-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. टाकलेल्या पुऱ्यांवर बस धावते हे कौतुकाचेच, पण पुरी माणसाच्या पोटात जाण्याची वेळ त्याआधीची असते. कचऱ्याची सोय इतकी चोख असली की टाकण्याची टोचणी कमी होते, हा धोका गृहीत धरायला हवा. जगात २०२२ साली सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो. मंगल कार्यालयांतली पातेली वाचवून घरच्या फ्रिजमधले वाचत नाही.

भूक आणि उरलेले अन्न यांची वेळही जुळत नाही. लग्नसराईत एकाच रात्री चार ठिकाणी उरते आणि रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, खाणारे तेवढेच असतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, तेव्हा पातेली कोरडी. म्हणून २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे रेशन किंवा मध्य प्रदेशात २०१७ मध्ये सुरू झालेली स्वस्त जेवणाची दीनदयाल रसोई योजना यांना हा पर्याय ठरत नाही, जोड ठरतो.