ई२० पेट्रोल आणि जुनी गाडी

ई२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. इथेनॉल म्हणजे उसाच्या रसापासून, मळीपासून किंवा मका-तांदळापासून बनवलेलं अल्कोहोल. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची चाचणी २००१ मध्ये झाली, त्यात आपलं मिरज आणि मनमाड पण होतं. पुढे २००३ पासून ५ टक्के मिसळायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये थेट २०. आधी हे २० टक्क्यांचं टार्गेट २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं, आणि साखर कारखान्यांना त्याचा फायदा झाला हे कोल्हापूर-सांगलीकडे वेगळं सांगायला नको.

गाडीवाल्यांची पहिली तक्रार ॲव्हरेजची. ती खोटी नाही, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या अहवालातच जुन्या डिझाइनच्या चारचाकीला ६-७ टक्के आणि दुचाकीला ३-४ टक्के फटका धरलाय. पण सगळे ॲव्हरेजवरच भांडत बसतात आणि खरी काळजी घ्यायची ती पेट्रोलच्या पाईपची, तिकडे कोणी बघत नाही. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे पार्ट ई२० ला चालणारे येतात, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये रबरी पाईप, ओ-रिंग, गॅस्केट (जोडावरची गळती अडवणारी रबरं) हे इथेनॉलने हळूहळू फुगतात, कडक होतात, चिरतात. गाडीजवळ पेट्रोलचा वास यायला लागला की गाडी स्टार्ट करायची नाही, आधी गळती शोधायची. गरम इंजिनवर थेंब पडला तर आग लागू शकते, म्हणून पाईप बदलायचं काम इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या हवेत, विडी-काडी लांब ठेवून. आणि पाईप इथेनॉलला चालणाराच मागायचा, गॅरेजमध्ये कुठलाही तुकडा कापून लावतात तसा नाही.

दुसरी भानगड पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडं असेल तर मुरवतं पण पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहिली किंवा टाकीच्या झाकणाचं रबर गेलं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल त्या पाण्याला धरून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. मग गाडी मिसिंग मारते, लोखंडी टाकी आतून गंजते आणि तो गंज फिल्टर नाहीतर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) चोंदवतो. अशा वेळी वरून नवीन पेट्रोल ओतून काही होत नाही, टाकी पूर्ण रिकामी करून साफच करावी लागते, फिल्टर पण नवीन.

कुठलं पेट्रोल चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच नव्या गाड्यांना टाकीच्या झाकणाजवळ स्टिकरही असतो. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून पिकअप वाढतो हा समज लई जुना आहे, पण ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) न होऊ देण्याची क्षमता, आणि कंपनीने ते मागितलं नसेल तर साध्या कम्युटर गाडीत जादा पैसे घालून फरक पडत नाही.