तीनदा लुकलुकणारा लाल दिवा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. ते हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवणाऱ्या मोटारीचा कंट्रोलर परवा बंद पडला. त्याच्या बोर्डावरचा लाल दिवा तीनदा लुकलुके, थोडा थांबे आणि पुन्हा तीनदा लुकलुके.

हा संकेत देत होता बूटलोडर, म्हणजे वीज येताच मायक्रोकंट्रोलरमध्ये (बोर्डावरच्या छोट्या संगणक-चिपमध्ये) सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती तपासतो, चिपला ताल देणाऱ्या क्रिस्टलची स्पंदने सुरू झाली का ते पाहतो, फ्लॅशमधल्या (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीतल्या) मुख्य प्रोग्रॅमचा चेकसम, म्हणजे पडताळणीची संख्या जुळवतो आणि सारे ठीक असेल तरच पुढची सूत्रे त्याच्या हाती देतो.

पुढे जाणेच अशक्य करणारा दोष सापडला, तर पहिले काम तो कळवण्याचे नसते. आधी मोटारीचा रिले, म्हणजे तिला वीज देणारा स्विच बंद करायचा, कारण टाकी भरून वाहत असताना अचूक निदान काय कामाचे? मग इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत बंद करायचे. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. रॅमच सदोष असेल, तर तिच्यातल्या स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दिवा लुकलुकवणारा तुकडा केवळ रजिस्टरांवर (चिपच्या गाभ्यातल्या मोजक्या कप्प्यांवर) चालेल असा, बहुधा असेंब्ली या चिपच्या आज्ञांच्या भाषेत लिहितात. क्रिस्टल बंद असेल, तर चिप आपल्या अंतर्गत ऑसिलेटरवर (स्पंदने देणाऱ्या सर्किटवर) चालते आणि त्याचा वेग काटेकोर नसतो. म्हणून संकेताचा अर्थ लुकलुकण्याच्या गतीत न ठेवता संख्येत ठेवणे शहाणपणाचे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या हिरव्या दिव्याने आठदा लुकलुकून रॅमचा दोष कळवावा, ही त्याच घराण्यातली रीत. 1981 च्या आयबीएम पीसीत हेच काम स्पीकरच्या आवाजाकडे होते.

यात वॉचडॉग, म्हणजे चिपवर पहारा ठेवणारा टायमर विसरून चालत नाही. ठरल्या वेळात त्याला खबर मिळाली नाही, तर तो चिप रीसेट करतो, आणि मग तिसऱ्या लुकलुकीआधीच मोजणी पहिल्यापासून सुरू होते. व्होल्टेज क्षणभर पडल्याने आलेला दोष मात्र रीसेटने जाऊ शकतो. त्यामुळे प्रयत्नांची संख्या रीसेटनंतरही टिकणाऱ्या रजिस्टरात मोजून दोन-तीनदा संधी द्यावी आणि मग जागीच थांबावे, हे मला पटते.

जेल रोडच्या कारागिराने संकेतांचा तक्ता पाहिला: तीन म्हणजे चेकसम चुकला. बूटलोडर शाबूत असल्याने त्याने सिरियल वायर जोडून मुख्य प्रोग्रॅम पुन्हा भरला. हिरवा दिवा लागला. त्याने वीज काढून पुन्हा दिली, तर लाल दिवा परत तीनदा लुकलुकला. फ्लॅशमध्ये भरलेले टिकतच नव्हते. त्याने तक्ता बाजूला सारला आणि चिप काढायला हॉट एअर गन तापत ठेवली.