पार्ल्याची ती निवडणूक रद्दच झाली होती

निवडणुका आल्या की एक दावा हमखास फिरतो: १९९५मध्ये सुप्रीम कोर्टाने हिंदुत्वाला जीवनपद्धती म्हणत विलेपार्ल्याचे आमदार डॉ. रमेश प्रभू यांची निवड वाचवली. हे साफ चूक आहे.

डिसेंबर १९८७च्या पोटनिवडणुकीत प्रभू शिवसेनेच्या पाठिंब्यावर जिंकले. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे कोर्टात गेले आणि १९८९मध्ये मुंबई हायकोर्टाने ही निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. जीवनपद्धतीचा उल्लेख याच निकालात आहे, पण तिथेच न थांबता न्यायमूर्तींनी बाळासाहेब ठाकरे यांची प्रचारसभांतली भाषणं तपासली. त्यांत हिंदू धर्माच्या नावावर मतं मागितली होती, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार हा भ्रष्ट आचार ठरतो. याच प्रकरणातून पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्कही ६ वर्षांसाठी गेला. कोर्टाने सगळ्यांना मोकळं सोडलं असतं, तर हे घडलंच कसं असतं?

गोंधळाचं मूळ बहुधा इथे आहे: त्याच दिवशी, वेगळ्या खटल्यात, मनोहर जोशी यांची दादरमधली १९९०ची निवड कोर्टाने वैध ठरवली. प्रभूंचं अपील मात्र फेटाळलं गेलं.